पांढरीचा जमाखर्च: मोरगाव परिसरातील घरदुरुस्तीच्या हिशोबाचा इतिहास

किल्ले, वाडे आणि देवळे यांच्या बांधकामाचा हिशोब मराठी दफ्तरांतून ठिकठिकाणी सापडतो. कुणब्याच्या राहत्या घराच्या डागडुजीचा हिशोब मात्र सहसा सापडत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली आणि मूळ वाड्याला सुमारे १६ हजार रुपये लागले, एवढे तपशील आज सहज सांगता येतात. त्याच वर्षांत कऱ्हाकाठच्या एखाद्या शेतकऱ्याने पावसाळ्यापूर्वी घरावर किती टोपल्या माती चढवली, किती माणसे लावली आणि त्यापायी किती धान्य किंवा रोकड खर्ची घातली, हे सांगणारा कागद मिळत नाही. निरक्षरता हे या अभावाचे एक कारण असले, तरी ते पुरेसे नाही. ज्या घरात माती, लाकूड आणि श्रम यांपैकी बहुतेक काही विकत घ्यावे लागत नव्हते, तिथे लिहिण्याजोगा खर्चच घडत नव्हता. घरदुरुस्ती लिहिली जाऊ लागली ती विकतची वस्तू आणि विकतचा श्रम घरात आल्यानंतर. त्यामुळे या हिशोबाचा इतिहास म्हणजे एका अर्थी घरात बाजार कसा शिरला याचा इतिहास आहे, आणि मोरगाव, सुपे, बारामती, इंदापूर या पुणे जिल्ह्याच्या आग्नेय पट्ट्यात तो बराच स्पष्ट दिसतो.

मोरगाव हे अष्टविनायकांतील पहिले स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. मयूरेश्वराच्या देवळाभोवतीची उंच दगडी तटबंदी आणि तिच्या कोपऱ्यांवरचे मनोरे दुरूनही नजरेत भरतात, आणि चिंचवडच्या देवस्थानाशी असलेल्या जुन्या नात्यामुळे दर वर्षी भाद्रपदात व माघात मोरया गोसावींची पालखी तिथे येते. परंतु हे गाव कऱ्हेच्या कोरड्या खोऱ्यात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे, ही गोष्ट घराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरते. जिथे पाऊस थोडा आणि ऊन फार, तिथे उतरत्या छपराची निकड नसते; म्हणून सह्याद्रीलगतच्या मावळात गवताने शाकारलेली किंवा कौलारू घरे असताना पूर्वेकडच्या या देशावर सपाट मातीच्या छपराची, म्हणजे माळवदाची किंवा धाब्याची, घरे उभी राहिली. गावाच्या जमिनीचे मराठीत पूर्वापार दोन भाग मानले जातात, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ही पांढरी केवळ जागेचे नाव नसून मातीचेही नाव आहे, कारण वस्तीच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंतींची, राखेची व केरकचऱ्याची जी फिकट, बारीक, चिकट माती साचते तीच पुन्हा भिंतीला आणि माळवदाला वापरली जाते. जुन्या घराच्या मातीतून नवे घर उठते आणि तेही कालांतराने तिथेच विरघळते. या व्यवहारात माल कुठूनही खरेदी केलेला नसतो.

माळवदाची रचना समजली की त्याच्या खर्चाचे स्वरूपही समजते. घराचे माप खणांत सांगितले जाते. दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि घर तीन खणी आहे की पाच खणी, यावरून त्याला किती लाकूड लागेल याचा अंदाज सुताराला तोंडी करता येतो. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचा म्हणजे जवळजवळ बसवलेले लाकडाचे तुकडे, त्यांवर तुरकाट्या, निरगुडीच्या फांद्या किंवा पाचट, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती, असा हा थरांचा क्रम असतो. वरची माती पहिल्या पावसात फुगते, तिच्यातील बारीक भेगा मिटतात आणि खाली पाणी झिरपत नाही. पाणी पन्हळीवाटे बाहेर पडते आणि मध्यभागी ठेवलेल्या सवण्यातून, म्हणजे छपरातील भोकातून, उजेड येतो व चुलीचा धूर निघून जातो. लाकूडही जवळचेच, लिंबाचे किंवा बाभळीचे. सागाचा खांब ही वाड्याची किंवा सधन घराची खूण होती.

अशा घराला उभारणीचा रोख खर्च थोडा, पण राखणीचे काम कायमचे. पावसाने माळवदावरची माती दर वर्षी थोडी धुपते, उन्हाने तिला तडे जातात, पन्हळीजवळ खड्डे पडतात, भिंतीच्या पायथ्याला उडालेल्या थेंबांनी माती सुटते. म्हणून सुगी आटोपल्यावर, शिमग्यापासून मृग नक्षत्रापर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत, प्रत्येक घराला माती चढवणे, ती धुमसाने चोपणे, गवत उपटणे, भिंती लिंपणे आणि भुई नव्याने करून सारवणे ही कामे उरकावी लागत. कामांचा क्रम ठरलेला असे, कारण आधी सारवून मग वरून माती पाडली तर केलेले काम वाया जाते. आजच्या भाषेत ज्याला दुरुस्तीचे अंदाजपत्रक म्हणता येईल, ते या पट्ट्यात ऋतुमानाने ठरलेले होते आणि ते पैशांत नव्हे तर दिवसांत आणि माणसांत मोजले जाई. माळवदाला चार दिवस आणि सहा माणसे लागतील, हा तेव्हाचा अंदाज.

ती माणसे कुठून येत, हे पाहिल्याशिवाय या हिशोबाचा अर्थ लागत नाही. पहिला पुरवठा घरातलाच होता, आणि त्यातही लिंपण, सारवण, भुई चोपणे, भिंतींना पोतेरे देणे, पाणी आणि शेण आणणे ही सर्व कामे जवळजवळ पूर्णपणे बायकांची होती. दुसरा पुरवठा सावडीचा. सावड म्हणजे आज एकाच्या कामाला दुसऱ्याने जायचे आणि उद्या त्याने परत यायचे, अशी श्रमांची फेड. आणि इर्जिक म्हणजे अनेकांनी एका दिवशी जमून एकाचे काम उरकायचे व त्याने त्यांना जेवू घालायचे. शेतीत या प्रथा अधिक ठळक असल्या तरी जड तुळई चढवणे किंवा माळवद घालणे यांसारखी कामे एकट्या घराच्या आवाक्यातली नसल्याने तिथेही शेजाऱ्यांचा हात लागे. तिसरा पुरवठा बलुतेदारांचा, आणि इथे एक महत्त्वाची सीमारेषा दिसते. सुतार आणि लोहार नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती बलुत्यात, म्हणजे सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याच्या मोबदल्यात, करत. परंतु नवी गाडी किंवा घराचे लाकूडकाम हे बलुत्याबाहेरचे मानले जाई आणि त्यासाठी वेगळी मजुरी व कामाच्या दिवसांत जेवण द्यावे लागे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात गावाच्या या देण्याघेण्याचे जे विस्तृत चित्र आहे, त्यावरून बलुत्याच्या आतले आणि बाहेरचे काम हा भेद गावकऱ्यांच्या मनात किती पक्का होता हे ध्यानात येते. बेलदार, वडार आणि पाथरवट हे तर बहुधा फिरस्ते कारागीर. त्यांचे गावाशी वर्षभराचे नाते नसल्यामुळे त्यांना कामाच्या शेवटी चुकते करावे लागे, रोख नाहीतर धान्यात. त्यांच्याशी बोली करताना दोन शब्द आले, ते आजही तसेच वापरात आहेत. रोजंदारी म्हणजे दिवसाच्या दराने काम आणि उक्ते म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून दिलेले काम. उक्त्यात मालकाला रकमेची खात्री मिळते पण कामाच्या गुणवत्तेची मिळत नाही. रोजंदारीत उलटे होते. घराच्या खर्चात पहिली खरी हिशोबी निवड उभी राहिली ती इथे, बलुते जिथे संपते त्या ठिकाणी.

याच काळात सरकारी आणि देवस्थानी बांधकामाचा हिशोब मात्र अत्यंत प्रगत अवस्थेला पोचलेला होता. मराठी राज्यव्यवस्थेत जे बारा महाल सांगितले जातात त्यांत इमारत हा एक स्वतंत्र महाल होता, म्हणजे बांधकाम हे कारभाराचे वेगळे खाते मानले गेले होते. पेशवाईत खर्चाची कागदोपत्री वाट साधारणतः पुढीलप्रमाणे असे. प्रथम अजमास, म्हणजे होणाऱ्या खर्चाचा अंदाज. मग नेमणूक, म्हणजे त्या कामासाठी मंजूर केलेली रक्कम. काम सुरू झाल्यावर रोजकीर्द, म्हणजे दिवसवार जमा आणि खर्च. तिच्यावरून बाबवार किंवा व्यक्तिवार वेगळी काढलेली खतावणी. त्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज. आणि अखेरीस जमा, खर्च व शिल्लक यांचा मेळ घालणारा ताळेबंद. वर्षाच्या एकूण उत्पन्न-खर्चाच्या पूर्वअंदाजाला बेहेडा म्हणत. हिशोब लिहिण्याच्या या रीतीला मेस्तक असे नाव असून परंपरेने तिचा संबंध हेमाडपंताशी जोडला जातो. मोडी लिपीतील रकमा लिहिण्याची पद्धतही वेगवान नोंदीसाठी घडलेली होती. रुपयाचे सोळा आणे. त्यांपैकी चार आण्यांसाठी म्हणजे पावासाठी एक उभी रेघ, आठासाठी दोन, बारासाठी तीन, आणि उरलेल्या एक-दोन-तीन आण्यांसाठी तितक्या आडव्या रेघा, अशी ती सोय होती. रकमेच्या शेवटच्या दोन-तीन रेघांवर नजर टाकताच कारकुनाला अपूर्णांक कळत असे.

या पद्धतीची खरी ताकद अजमास आणि ताळेबंद शेजारी ठेवण्यात होती. काम संपल्यावर अंदाज किती चुकला, कोणत्या बाबीत चुकला आणि कोणाच्या हातून चुकला, हे कारभाऱ्याला विचारता येत होते. चुना, दगड, लाकूड, लोखंड, मजुरी या बाबी वेगळ्या असत आणि मापेही ठरलेली होती. चोवीस तसूंचा गज हे बांधकामाचे माप आणि खंडी, मण, शेर ही मालाची मापे. घाणीचा चुना महाग पडे, कारण चुनखडी गोळा करून भाजायची, नंतर दगडी चाकाच्या घाणीत बैल जुंपून वाळूसह ती मळायची, यात इंधन, जनावरे आणि माणसे तिन्हींचा दिवसामागून दिवस खर्च होत असे. म्हणूनच चुन्याची भिंत वाड्याला, देवळाला आणि घाटाला मिळाली, कुणब्याच्या घराला नाही. बारामतीला कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईक यांचा वाडा उभा राहिला, त्यामागे सावकारी पेढीचे भांडवल होते. हे नाईक घराणे पेशव्यांचे नातलगही होते आणि सावकारही. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई याच घराण्यात दिलेली होती, आणि कवी मोरोपंत यांनीही (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीतच आयुष्य काढले. अशा घरी कारकून होता, कीर्द होती आणि घराच्या दुरुस्तीलाही लिहिले जाण्याचे भाग्य होते.

गावपातळीवरही लेखन होते, पण ते कोणत्या छपरापर्यंत पोचत होते हे पाहण्यासारखे आहे. कुलकर्णी गावखर्च लिहीत असे, म्हणजे गावाने मिळून करायचा आणि महसुलातून किंवा गावपट्टीतून भागवायचा खर्च. त्यात देवळाची, चावडीची आणि गावकुसाची, म्हणजे गावाभोवतालच्या तटाची, डागडुजी येत असे. चावडीच्या माळवदावर चढलेली माती कागदावर आली आणि तिच्या शेजारच्या घरावर, कदाचित त्याच आठवड्यात, त्याच माणसांनी चढवलेली माती आली नाही. इंदापूर परगण्याची पेशवेकालीन कागदपत्रे पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत आणि त्यांच्या आधारे जपानी संशोधक मिचिहिरो ओगावा यांच्यासारख्यांनी त्या परगण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. परंतु हे कागद महसुलाचे आहेत आणि महसुलाला शेत दिसते, घर क्वचितच दिसते. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या स्वारीत बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला, हा सर्व मुलूख लुटला व जाळला गेला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला, तेव्हा ओस पडलेली गावे पुन्हा वसवण्यासाठी इस्तावा दिला जाई. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षी अगदी थोडा आणि पुढे चढत जाणारा सारा. परतलेल्या माणसाला प्रथम छप्परच उभे करावे लागले असणार, हे उघड आहे. सारा सुरुवातीला कमी घेण्यात त्या छपराचा खर्च अप्रत्यक्षपणे धरलेला होता. त्याचे वेगळे कलम मात्र कुठे झाले नाही.

इंग्रजी अमलात सरकारचे लक्ष घराकडे वळले, पण एका वेगळ्या आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने घातक अशा हेतूने. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५–३६ मध्ये प्रथम इंदापूर तालुक्यात लागू केली आणि तिचे दर तीस वर्षांसाठी कायम केले गेले. मुदत संपल्यावर १८६६–६७ पासून फेरमोजणी सुरू झाली तेव्हा सारा वाढवण्याचे समर्थन म्हणून लोकांची भरभराट दाखवणारे आकडे गोळा करण्यात आले, आणि त्यांत विहिरी, गाड्या, बैल यांच्याबरोबर धाब्याची व कौलारू घरे किती वाढली आणि गवताची किती उरली, हेही मोजले गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला चढे भाव मिळाले होते आणि लोहमार्गाच्या कामावर मजुरी मिळाली होती. त्या चार पैशांतून अनेकांनी घर नीट केले असेल, तर तेच घर पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. तेजी ओसरली, भाव कोसळले आणि वाढलेला सारा मात्र राहिला. या मोजणीत घर मोजले गेले पण घराला लागलेले कर्ज मोजले गेले नाही, हा तिच्यातला मोठा अन्याय होता.

ते कर्ज सावकाराच्या वहीत होते. शेतकऱ्याच्या घराचा जमाखर्च कुठे लिहिलेला असलाच तर तो त्याच्या घरी नव्हे, सावकाराच्या दुकानी होता. तुळईसाठी किंवा गवंड्याच्या मजुरीसाठी घेतलेली उचल, तिच्यावरचे व्याज आणि व्याजावरचे व्याज हे सारे त्याला न वाचता येणाऱ्या मोडीत, त्याच्या खात्यावर नावे पडत असे. १२ मे १८७५ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मोरगावपासून जवळच असलेल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने लुटली आणि वह्या व रोखे जाळले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. त्यात माणसांवरील हिंसा थोडी आणि कागदांवरील रोष मोठा होता, ही गोष्ट हिशोबाच्या इतिहासात फार बोलकी आहे. जो हिशोब आपल्याबद्दल आहे पण आपल्या हाती नाही, तो नष्ट करणे हाच त्या लोकांना उपाय वाटला. चौकशी आयोगानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम-निबंधकापुढे करणे, दिलेल्या पैशाची पावती मिळणे आणि मागितल्यास खात्याचा उतारा मिळणे या गोष्टी कायद्यात आणल्या. खर्चाचा कागद कर्जदाराकडेही असावा हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले, आणि त्याची पहिली ठिणगी सुप्यात पडली होती. त्या दंग्यांनंतर दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये निरनिराळ्या जातींच्या वर्णनांत त्यांचे घर बांधायला साधारण किती रुपये लागतात हे नोंदलेले आढळते. पण ते बांधण्याचे आकडे आहेत, राखण्याचे नाहीत.

घराच्या खर्चाचे स्वरूप मुळापासून बदलले ते आगगाडी आणि कालवा यांनी. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० पर्यंत दौंडवरून पूर्ण झाला आणि पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दौंड–बारामती हा फाटा निघाला. कर्नाटकातील शहाबादी फरशी, बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यापासून प्रसार पावलेली यंत्रावरची मंगळुरी कौले, विलायती लोखंडी पत्रा, या वस्तू त्यानंतर वखारींतून मिळू लागल्या. दुसरीकडे १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामतीच्या दक्षिण भागात उसाचा पैसा आणला. मोरगाव आणि सुपे हा उत्तर-पश्चिम भाग मात्र कोरडवाहूच राहिला. एकाच तालुक्यात त्यामुळे दोन प्रकारची घरे आणि दोन प्रकारचे हिशोब दिसू लागले. बागायती गावांत पक्क्या विटा आणि कौले आली, जिरायती गावांत माळवद टिकून राहिले.

पत्र्याने काय बदलले हे इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण घरदुरुस्तीच्या अर्थशास्त्रातील ही निर्णायक घटना आहे. माळवदाला पहिला खर्च थोडा पण दर वर्षी श्रम द्यावे लागतात. पत्र्याला पहिला खर्च मोठा, तोही सगळा रोख आणि एकदम, पण नंतर कित्येक वर्षे फारसे काही करावे लागत नाही. दिवसांत आणि माणसांत मोजला जाणारा, वर्षांवर पसरलेला खर्च अशा रीतीने रुपयांत मोजल्या जाणाऱ्या एकरकमी खर्चात रूपांतरित झाला. उन्हाळ्यात पत्र्याखाली राहणे माळवदाखाली राहण्यापेक्षा कितीतरी त्रासाचे असूनही लोकांनी पत्रा स्वीकारला. त्यामागे केवळ हौस किंवा प्रतिष्ठा नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत किंवा कालव्याच्या पट्ट्यात मजुरीला गेलेल्या घरात चैत्र-वैशाखात माती चढवायला माणसेच उरत नव्हती. श्रम महाग झाले आणि म्हणून माल स्वस्त वाटू लागला. मात्र एकदम पैसा काढायचा तर आधी अंदाज हवा, अंदाजाला भाव हवेत आणि भाव ठेवायला वही हवी. साध्या घरात दुरुस्तीची वही आली ती या वाटेने. ‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ या म्हणीमागे अजमास आणि प्रत्यक्ष यांतील जी तफावत आहे, ती रोखीच्या घरालाच चटके देते. मातीच्या घराचा अंदाज चुकला तर दोन दिवस जास्त राबून तो भरून काढता येत असे.

स्वातंत्र्यानंतर या वहीची भाषाच बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्यांच्या उभ्या-आडव्या रेघा हळूहळू निकामी ठरल्या. १९५८ पासून दशमान मापे येऊ लागली आणि मण-शेराच्या जागी किलो आला. बांधकामाच्या धंद्यात मात्र फूट आणि ब्रास टिकले. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि वाळू, खडी, दगड आजही ब्रासावरच मिळतात. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या रोजगार हमीच्या कामांवर या पट्ट्यातील हजारो बायका-पुरुष खडी फोडत होते आणि कामाचे माप घेऊन मजुरी मिळत होती. हजेरीपट, ब्रास आणि आठवड्याचे वाटप हे शब्द तेव्हा घरोघरी पोचले. सिमेंट हा त्या काळी नियंत्रित माल होता. तहसील कचेरीतून परवाना काढून पोती मिळवावी लागत, आणि १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे नियंत्रण उठेपर्यंत घराची दुरुस्ती पैशांपेक्षा पोत्यांच्या संख्येने अडत असे. पोती मिळतील तेव्हा मिळतील तेवढीच लावायची, या सवयीतून मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवण्याची रीत रूढ झाली. ती खर्चाच्या दृष्टीनेही चुकीची होती, कारण मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. वरून सिमेंटचा थर बसला की आतली ओल अडकते, माती भुसभुशीत होते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. एका दुरुस्तीने दुसरी दुरुस्ती जन्माला घातली, आणि वह्यांमध्ये ‘किरकोळ’ या नावाखाली लिहिलेली रक्कम फुगत गेली.

माळवदाचा शेवटचा मोठा हिशोब ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने मांडला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्याचे एक कारण म्हणजे मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंती व त्यांवरची, पिढ्यान्‌पिढ्या दर वर्षी नवा थर चढवून जड झालेली माळवदे. खर्च म्हणून जे कुठेच लिहिले गेले नव्हते, ते वजन म्हणून डोक्यावर साठत गेले होते. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावे नव्याने वसवण्याबरोबरच पडझड झालेली घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करण्याचा एक मोठा भाग होता. त्यात ठेकेदार नेमण्याऐवजी घरमालकाला हप्त्यांनी पैसे दिले गेले आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. कोणत्या घराला किती रक्कम मिळाली, पहिल्या हप्त्याचे काम झाले की नाही, कोपऱ्यांना व भिंतींच्या माथ्याला मजबुती दिली की नाही, हे समजावणे आणि पाहणे त्यांच्याकडे आले. पिढ्यान्‌पिढ्या लिंपण-सारवणाचे बिनमोल काम ज्यांनी केले, त्यांच्याच हाती महाराष्ट्रातील घरदुरुस्तीच्या एका फार मोठ्या हिशोबाची एक बाजू आली. घरबांधणीच्या इतिहासात या घटनेची जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी अजून घेतली गेलेली नाही.

पुण्याच्या पूर्व भागातही त्यानंतर माळवदे झपाट्याने उतरवली गेली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरकुलाला १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात, प्रत्येक टप्प्याचे ठिकाणासह छायाचित्र काढले जाते आणि ते पाहून पुढचा हप्ता सुटतो. अजमास, नेमणूक आणि ताळेबंद या जुन्या साखळीचेच हे नवे रूप म्हणता येईल. रोजकिर्दीची जागा छायाचित्राने घेतली एवढाच फरक. या योजनेत एक कलम मात्र जुन्या कोणत्याही दफ्तरात नव्हते. लाभार्थी कुटुंबाने स्वतःच्या घरकुलावर केलेल्या अकुशल कामाचे ९० दिवस रोजगार हमीच्या मजुरीस पात्र धरले जातात, म्हणजे आपल्याच घराच्या भिंतीसाठी वाहिलेल्या पाण्याला आणि कालवलेल्या मालाला दर मिळतो व तो हजेरीपटावर चढतो. ही सोय नव्या बांधकामापुरती आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीला, पत्र्याची गळती काढायला, मागच्या पडवीची भुई चोपायला आणि सणाआधी ओसरी सारवायला लागणारे दिवस अजूनही कोणत्याच हजेरीपटावर नाहीत, आणि मोरगाव-सुप्याच्या जिरायती वस्त्यांवर मृगाआधीच्या आठवड्यांत ते दिवस आजही भरले जातात.